‘पेपाल आणा’ एवढ्यानं भागत नाही

ढाक्यात 19 ऑक्टोबर 2017 रोजी एक समारंभ झाला. तेव्हाच्या पंतप्रधानांचे चिरंजीव आणि माहिती-तंत्रज्ञान सल्लागार सजीब वाजेद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. अखेर बांगलादेशात पेपाल, म्हणजे ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची अमेरिकी सेवा, आलं, अशी हवा होती. घरबसल्या परदेशी गिऱ्हाइकांची कामं करणाऱ्या तरुणांनी नीट पाहिलं, तेव्हा कळलं की सुरू झाली होती ती ‘झूम’ (Xoom; व्हिडिओ-बैठकांची झूम वेगळी). झूम पेपालच्याच मालकीची आहे हे खरं, पण तिचं काम एवढंच की परदेशात राहणाऱ्या भावानं गावी आईला पैसे धाडावेत. तिच्यात गिऱ्हाइकाला बिल पाठवता येत नाही, संकेतस्थळावर पैसे घेण्याचं बटण लावता येत नाही, आणि ढाक्यातल्या माणसाच्या नावानं खातं तर उघडतच नाही. वर्षानुवर्षं घोषणा होती ‘पेपाल आणा’, आणि सरकारनं पेपालच्या घरातलं काहीतरी आणून दाखवलं.

जागतिक ऑनलाइन पेमेंट सेवांमधून वगळलेल्या देशांत चालणाऱ्या मोहिमांचं दुखणं इथंच आहे. मागणी न्याय्य आहे याबद्दल शंका नाही. पण ती ढोबळ असते, आणि बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जाते.

‘पेपाल असणं’ म्हणजे किमान चार वेगळ्या गोष्टी. परदेशी दुकानाला पैसे देता येणं, परदेशी गिऱ्हाइकाकडून पैसे घेता येणं, आलेले पैसे आपल्या देशातल्या बँकेत उतरवता येणं, आणि देशातल्या देशात व्यवहार करता येणं. कंपनीच्या यादीत देशाचं नाव दिसलं म्हणजे चारही मिळतात असं नाही. नायजेरियात पेपाल 2014 मध्ये आलं ते फक्त पैसे देण्यापुरतं. श्रीलंकेतही अनेक वर्षं तीच तऱ्हा. म्हणजे कोलंबोतला माणूस न्यूयॉर्कच्या दुकानातून बूट मागवू शकतो, पण न्यूयॉर्कच्या दुकानासाठी केलेल्या कामाचे पैसे त्याच वाटेनं घेऊ शकत नाही.

यामागं दुष्टावा नाही, जोखमीचा हिशोब आहे. पैसे देणारा स्वतःच्या कार्डातून देतो. त्यात कंपनीचं फारसं काही अडकत नाही. पैसे घेणाऱ्याचं तसं नसतं. पेपालवर खरेदीदाराला तक्रार करायला 180 दिवस मिळतात, शिवाय कार्डाच्या बँकेकडून येणारा चार्जबॅक, म्हणजे दिलेली रक्कम परत ओढून घेणं, वेगळा. माल मिळालाच नाही अशी तक्रार चौथ्या महिन्यात आली आणि तोवर विक्रेत्यानं खातं रिकामं केलं असेल, तर खड्डा कंपनीच्या खिशाला पडतो. म्हणून कंपनीला विक्रेत्याची ओळख पक्की लागते, त्याच्या बँक खात्यावर काही पकड लागते, आणि वेळ आलीच तर त्या देशाच्या कोर्टात वसुली होईल एवढा भरवसा लागतो. ज्या देशात यापैकी एकाचीही खात्री नाही, तिथं ‘फक्त पाठवा’ एवढीच सेवा सुरू होते, किंवा तीही होत नाही.

दुसरी भीती अमेरिकी निर्बंधांची. पेपालनं मार्च 2015 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याशी तडजोड केली. तपासणीतून निसटलेले व्यवहार होते 486, त्यांची एकूण रक्कम जेमतेम 44 हजार डॉलर, आणि भरावे लागले सुमारे 76 लाख 58 हजार डॉलर. पावणेदोनशे पट. पायोनियर या पेमेंट कंपनीलाही 2021 मध्ये अशाच प्रकरणात सुमारे 14 लाख डॉलर द्यावे लागले. तिथं निर्बंधित माणसाच्या नावाशी जवळपास जुळणारी नावं तपासणीतून सुटत होती आणि क्रिमियातले पत्ते अडवले जात नव्हते. हा अनुभव घेतलेला अनुपालन अधिकारी, म्हणजे कंपनीत नियमपालनावर नजर ठेवणारा, पुढं काय करणार? संशय येईल ते सगळं अडवणार. ज्या देशातून वर्षाला किरकोळ उत्पन्न मिळेल, तिथल्या एका चुकीनं कोटींचा दंड बसणार असेल, तर तो देश यादीत न घेणं हाच सोपा निर्णय ठरतो. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ यांच्यावर इराण किंवा क्युबासारखे सरसकट निर्बंध नाहीत, तरी त्यांच्या वाट्याला हीच सावधगिरी येते.

तेव्हा मोहीम काढणाऱ्यांनी पहिल्यांदा शोधायला हवं ते हे की ‘नाही’ म्हणतंय कोण. अमेरिकेचा कायदा, आपली स्वतःची मध्यवर्ती बँक, की कंपनीची मर्जी? तिघांसाठी तीन वेगळे अर्ज लागतात. आणि बहुतेक मोहिमा तिघांऐवजी एकाच माणसाच्या नावानं सह्या गोळा करतात: कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या.

मध्यवर्ती बँकेच्या नकाराचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. फेब्रुवारी 2010 मध्ये पेपालनं भारतातले व्यक्ती-व्यक्तींमधले व्यवहार बंद केले आणि इथल्या बँकेत पैसे उतरवणंही काही आठवडे अडलं. पुण्या-नाशकात बसून परदेशी संकेतस्थळं बनवणाऱ्यांचे पैसे मध्येच लटकले. त्यानंतर 16 नोव्हेंबर 2010 रोजी रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं आणि 1 मार्च 2011 पासून पेपालनं नव्या अटी लावल्या. एका व्यवहारात 500 डॉलरच्या वर घ्यायचं नाही. आलेल्या पैशातून ऑनलाइन खरेदी करायची नाही. सात दिवसांत रक्कम भारतातल्या बँकेत उतरवायची. तेव्हा लोक वैतागले, आणि वैतागणं साहजिक होतं; 800 डॉलरच्या कामाची दोन बिलं करावी लागत होती.

पण त्या परिपत्रकाची रचना पाहिली तर ती आज ढाका, काठमांडू, इस्लामाबादच्या कामाची आहे. रिझर्व्ह बँकेनं पेपालला नाव घेऊन बोलावलं नाही, तर सेवेचा एक वर्ग तयार केला. या वर्गातल्या परदेशी कंपनीनं भारतात संपर्क कार्यालय उघडायचं आणि इथल्या परवानाधारक बँकेशी कायमचा करार करायचा. ती बँक परदेशात वसुलीसाठी नोस्ट्रो खातं (परदेशी बँकेतलं स्वतःचं खातं) ठेवते, आणि तिथं जमलेली रक्कम ठरल्या मुदतीत निर्यातदाराच्या खात्यात आपोआप येते. परकीय चलन देशाबाहेर साचून राहत नाही, भारतीय माणसाच्या नावानं परदेशी ऑनलाइन पाकिटात (वॉलेटमध्ये) शिल्लक उरत नाही, आणि प्रत्येक रकमेला ती कशासाठी आली हे सांगणारा उद्देश-संकेतांक असतो. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाच्या मध्यवर्ती बँकेला जी धास्ती असते, की ही पाकिटं म्हणजे डॉलर बाहेर पळवायची वाट होईल, तिच्यावर हे नेमकं उत्तर होतं. मर्यादा पुढं वाढत गेली: ऑक्टोबर 2011 मध्ये 3,000 डॉलर, जून 2013 मध्ये 10,000 डॉलर. 31 ऑक्टोबर 2023 च्या नव्या नियमांत ती प्रति नग 25 लाख रुपये झाली आणि या कंपन्यांना स्वतंत्र परवानाच लागू झाला.

म्हणून बांगलादेशातल्या किंवा नेपाळातल्या संघटनांनी पेपालला पत्र लिहिण्याआधी आपल्या मध्यवर्ती बँकेपुढं परिपत्रकाचा मसुदा ठेवावा, असं माझं मत आहे. त्यात ‘पेपाल’ हा शब्दही नको. मसुद्यात असावं ते असं: फक्त सेवा-निर्यातीची आवक, सुरुवातीला 500 किंवा 1,000 डॉलरची मर्यादा, सात दिवसांत सक्तीनं देशातल्या खात्यात जमा, एक जबाबदार बँक, ओळखीसाठी राष्ट्रीय ओळखपत्राची ऑनलाइन पडताळणी, आणि परतावा द्यावा लागला तर तेवढी रक्कम बाहेर पाठवायची परवानगी. हे शेवटचं कलम हमखास विसरलं जातं. चलन बाहेर जाण्यावर बंधन असलेल्या देशात गिऱ्हाइकाचे पैसे परत करण्याचीच कायदेशीर सोय नसेल, तर चार्जबॅकची भीती असलेली कुठलीही कंपनी तिथं पाऊल ठेवणार नाही. नेपाळात सामान्य माणसाला परदेशी खरेदीसाठी डॉलर कार्ड मिळतं ते वर्षाला 500 डॉलरचं. एवढ्या तंग चौकटीत परताव्याचा मार्ग स्वतंत्रपणे लिहून घ्यावाच लागतो.

नियामकानं दार लावल्याची आणखी एक तऱ्हा तुर्कस्तानात दिसली. तिथल्या बँकिंग नियामकानं परवाना नाकारला, देशातच संगणक यंत्रणा ठेवण्याची अट पेपालला परवडली नाही, आणि जून 2016 मध्ये चालू सेवा बंद झाली. कंपनीला दोष देऊन तिथं काही साधलं नसतं.

पाकिस्तानची गोष्ट जरा गुंत्याची आहे. तो देश जून 2018 ते ऑक्टोबर 2022 एफएटीएफ या, काळ्या पैशावर आणि दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे जादा देखरेखीच्या यादीत, होता, आणि पेपाल न येण्याचं तेच एकमेव कारण असं तिथं सर्रास बोललं जायचं. यादीतून नाव निघालं, पेपाल काही आलं नाही. त्याआधीच 2019 मध्ये तिथल्या माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांनी सिनेटच्या समितीला सांगितलं होतं की नकार कंपनीच्या अंतर्गत कारणांमुळं आहे. मग जानेवारी 2024 मध्ये काळजीवाहू मंत्री उमर सैफ यांनी वेगळी वाट जाहीर केली: फ्रीलान्सरनं पेपालचं खातं उघडायचंच नाही, परदेशी गिऱ्हाइकानं आपल्या पेपालमधून द्यायचं आणि तिसऱ्या कंपनीमार्फत रक्कम पाकिस्तानी बँकेत उतरायची. त्यावर तिथं बरीच टिंगल झाली. मला मात्र ढाक्यातल्या फीत कापण्यापेक्षा हे प्रामाणिक वाटतं, कारण मंत्र्यांनी पेपाल येत नाहीये हे सांगूनच पुढचं सांगितलं.

आता कंपनीची मर्जी. इथं पॅलेस्टाईनचं प्रकरण बाकी सगळ्यांहून वेगळं आहे आणि त्यावर थांबायला हवं.

ऑगस्ट 2016 मध्ये सुमारे 40 पॅलेस्टिनी कंपन्या आणि संस्थांनी पेपालचे तेव्हाचे प्रमुख डॅन शुलमन यांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा बिनतोड होता. वेस्ट बँक या इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात राहणाऱ्या इस्रायली वसाहतवाल्याला पेपाल मिळतं, कारण त्याचं बँक खातं इस्रायली आहे. त्याच टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या पॅलेस्टिनी माणसाला मिळत नाही, कारण त्याचं खातं रामल्ला किंवा नाब्लुसच्या बँकेत आहे. जमीन एकच, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानं वसाहती बेकायदेशीर. यमनसारख्या युद्धग्रस्त देशात सेवा आहे, मग जोखमीचं कारण कसं टिकतं, असंही त्यांनी विचारलं. कंपनीचं उत्तर होतं ते साधारण असं की सर्वांपर्यंत पोचण्याची इच्छा आहे, पण जवळच्या काळात जाहीर करण्यासारखं काही नाही.

अडचणी खोट्या नाहीत. पॅलेस्टाईनला स्वतःचं चलन नाही; शेकेल, जॉर्डनचा दिनार आणि डॉलर चालतात. 1994 मध्ये स्थापन झालेल्या मौद्रिक प्राधिकरणाला पूर्ण मध्यवर्ती बँकेचे अधिकार नाहीत. शेकेलमधले व्यवहार इस्रायली बँकांमार्फत होतात, आणि त्या बँकांना इस्रायलच्या अर्थखात्यानं दिलेलं संरक्षणपत्र (या व्यवहारांवरून होणाऱ्या खटल्यांपासून अभय) ठरावीक मुदतीनं वाढवून घ्यावं लागतं. 2024 पासून ती मुदतवाढच दबावाचं हत्यार झाली आहे. हमासवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, त्यामुळं तपासणीही कडक लागणार. पण जॉर्डनमध्ये सेवा चालते, पॅलेस्टिनी बँका इतर देशांशी डॉलरचे व्यवहार करतात, आणि प्राधिकरण सेवेला विरोध करत नाही, उलट ती हवी म्हणतं. म्हणजे इथं कुलूप कंपनीच्याच हातात आहे. म्हणून इथं सह्यांची मोहीम, भागधारकांकडून प्रश्न, अमेरिकी लोकप्रतिनिधींची पत्रं, हे सगळं योग्य पत्त्यावरच जातं. फक्त मागणी ‘सेवा द्या’ एवढी न ठेवता ‘कोणती अट पुरी झालेली नाही ते लेखी सांगा’ अशी असावी. जोखीम आहे एवढंच म्हणून सुटता येतं. अट सांगितली की ती पुरी करून दाखवता येते. मग ‘नाही’ म्हणणं भेदभावाच्या खात्यात जमा होतं.

गाझात युद्धानंतर बँकांच्या शाखा आणि एटीएम उद्ध्वस्त झाले. मदतीसाठी ऑनलाइन वर्गणी मागणाऱ्या कुटुंबाला युरोप-अमेरिकेतला कोणीतरी ओळखीचा आपलं खातं द्यायला लागतो, आणि पैसे पोचल्यावर रोकड देणारा दलाल मोठा हिस्सा कापतो. स्वतःच्या नावावर पैसे घेण्याची सोय नसणं याचा अर्थ तिथं असा आहे.

कोसोवोसारख्या देशाची अडचण तर त्याहून मुळातली: आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या देश-संकेतांकांच्या यादीतच त्याला अधिकृत जागा नाही, त्यामुळं नोंदणी अर्जातल्या देशांच्या यादीत नाव सापडत नाही.

सेवा नसली की लोक हात बांधून बसत नाहीत. काय करतात आणि त्यात काय बिघडतं, हे मोहिमेच्या निवेदनात नेमकेपणानं यायला हवं. 60 डॉलरच्या लोगोचं बिल घ्या. बँकेतून स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवायचं तर गिऱ्हाइकाची बँक 25 ते 45 डॉलर लावते, मधली बँक आणखी कापते, शेवटी उतरवणारी बँक आपलं शुल्क घेते. गिऱ्हाईक म्हणतं राहू दे, दुसऱ्या देशातला डिझायनर बघतो. मग दुबईतल्या मावसभावाच्या नावानं खातं उघडलं जातं, किंवा कुणाचं तरी चालू खातं भाड्यानं घेतलं जातं. व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारी सोय) लावून उघडलेलं खातं एक दिवस विसरून थेट लाहोरच्या इंटरनेट पत्त्यावरून उघडलं की गोठतं. मग पासपोर्ट मागतात, तो देशाचं नाव सांगतो, आणि आतली रक्कम 180 दिवस अडकते. तक्रार करायची सोय नाही, कारण अटी मोडल्या होत्या हे खरंच असतं.

थोडे पैसेवाले अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये कंपनी काढतात. स्ट्राइप या पेमेंट कंपनीची अ‍ॅटलस सेवा 500 डॉलरमध्ये हे करून देते. पुढचं कुणी सांगत नाही. मर्यादित दायित्वाची कंपनी असेल तर डेलावेअरला दरवर्षी 300 डॉलर भरायचे. एकच परदेशी मालक असेल तर धंदा शून्य असला तरी अमेरिकी करखात्याकडं 5472 क्रमांकाचा फॉर्म भरायचा; चुकला तर दंड 25,000 डॉलर. महिन्याला चारशे डॉलर कमावणाऱ्या मुलानं यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून हे केलेलं असतं.

आणि एकाच पर्यायावर सगळ्यांनी भिस्त ठेवली की काय होतं, ते जून 2020 च्या अखेरीस दिसलं. वायरकार्ड ही जर्मन पेमेंट कंपनी बुडाली, ब्रिटिश नियामकानं तिच्या तिथल्या शाखेचे व्यवहार थांबवले, आणि पायोनियरची कार्डं त्याच शाखेची असल्यानं जगभरच्या फ्रीलान्सरांचे पैसे काही दिवस गोठले. ज्यांच्याकडं दुसरी वाट नव्हती त्यांत वगळलेल्या देशांतले लोक बरेच होते.

हुंडीनं, म्हणजे हवाल्यानं, पैसे आणण्याचा तोटा वेगळाच आहे. रक्कम येते, पण कागद येत नाही. पाकिस्तानात नोंदणीकृत माहिती-तंत्रज्ञान निर्यातदाराला पाव टक्का कर लागतो, पण त्यासाठी पैसे बँकेतून आल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडंही निर्यातीवर जीएसटी शून्य ठेवायचा तर परकीय चलन आल्याचा दाखला लागतोच. कागद नसला तर कर्ज नाही, व्हिसासाठी उत्पन्नाचा पुरावा नाही. यूएसडीटीसारख्या आभासी चलनाचंही तेच. शिवाय नेपाळात ते सरळ बेकायदेशीर आहे.

कायद्याचा नकार असेल तिथं मोहिमेनं परवाना मागावा, सहानुभूती नव्हे. गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळानं 2019 मध्ये इराणमधल्या प्रोग्रामरांची खाती मर्यादित केली होती. कंपनीनं अमेरिकी अर्थखात्याकडं अर्ज केला आणि जानेवारी 2021 मध्ये इराणसाठी परवाना मिळाल्याचं जाहीर केलं. तो पेमेंटचा प्रश्न नव्हता, पण निर्बंधांतही अपवाद लिहून घेता येतो हे त्यातून सिद्ध झालं.

खासगी कंपनीनं कुठं धंदा करावा हे तिचं ती ठरवेल, असा आक्षेप हमखास येतो. किराणा दुकानाबाबत तो बरोबर आहे. पण काम मिळवायची संकेतस्थळं, अ‍ॅप विकायच्या बाजारपेठा, वर्गणी गोळा करायच्या जागा हे सगळं दोन-चार पेमेंट कंपन्यांवर उभं असेल, तर त्यांचा नकार म्हणजे बाजारातूनच बाहेर काढणं होतं. सेवा मिळाली म्हणजे स्वस्त मिळते असंही समजू नये: भारतातून पेपालवर 100 डॉलर घेतले तर पावणेपाच डॉलरच्या आसपास शुल्क जातं, वर विनिमय दरातला तीन-चार टक्क्यांचा फरक. आणि स्ट्राइपनं मे 2024 पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर ठेवली आहेत, म्हणजे आत असणारेही पूर्ण आत नाहीत.

आपण भारतीय या प्रश्नात आता फक्त प्रेक्षक नाही. यूपीआयची भूतान, श्रीलंका, नेपाळमधली पोच प्रामुख्यानं भारतीय पर्यटकानं तिथल्या दुकानात क्यूआर स्कॅन करण्यापुरती. काठमांडूच्या डिझायनरनं कोल्हापूरच्या कारखानदाराला बिल पाठवावं आणि ते यूपीआयनं फिटावं, अशी सोय त्यात नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये रिझर्व्ह बँक आणि नेपाळ राष्ट्र बँकेनं दोन्ही देशांच्या जलद पेमेंट यंत्रणा जोडण्याच्या अटींवर सह्या केल्या, पण त्याचं लक्ष पैसे धाडण्यावर. सिंगापूरच्या पेनाऊ या जलद पेमेंट यंत्रणेशी फेब्रुवारी 2023 मध्ये यूपीआयची जोडणी झाली, तेव्हा भारतातून पैसे पाठवायला दोनच उद्देश मान्य ठेवले गेले: परदेशातल्या नातलगाचा निर्वाह आणि भेट. छोट्या कामाचा मोबदला हा तिसरा उद्देश त्या यादीत घाला, आधी 10,000 रुपयांपर्यंत आणि फक्त नेपाळसाठी घाला, अशी मागणी पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनांनी रिझर्व्ह बँकेकडं करायला हरकत नाही. त्यासाठी कुणा अमेरिकी कंपनीच्या होकाराची गरज लागत नाही.